चौदा दाते

३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. अकरा वर्षांनी पत्र आलं आणि त्यात मला 'आपण' म्हटलंस. 'आपल्याकडे असलेली ठोकळ्यांची पेटी.' चुकून बँकेचं पत्र आलं की काय म्हणून मी पाकीट दोनदा उलटून पाहिलं. असो. फोन करू नये, जे असेल ते लिहूनच कळवावं, असं बजावलं आहेस, म्हणून लिहायला बसले.

मला जे समजलं ते असं. चोवीस तारखेला परवाना समितीपुढे तुझी सुनावणी आहे. असा अर्ज एकदाच करता येतो. या वेळी नाही म्हणाले, तर रोलर कोस्टरच काय, साध्या पाळण्याच्या यंत्रालाही तुला जन्मात हात लावता येणार नाही, आणि गोदामात खोकी उचलता उचलता म्हातारा होशील. तू बसवलेला खटका ठीक होता हे तुला दाखवायचं आहे. त्यासाठी चढाचं मॉडेल हवं, मोटरवर चालणारं, आपल्या लहानपणीच्या प्लॅस्टिकच्या जोडठोकळ्यांचं. तू राहतोस त्या खोलीत सहा खाटा आहेत आणि टेबल एकही नाही, म्हणून ते मी करायचं.

करते.

समितीत सगळेच यंत्रातले नसणार. त्यांना सोप्या भाषेत सांगावं लागेल, म्हणून तुझ्यावरच सराव करते. साखळी डबे चढावर ओढते. शेवटच्या डब्याखाली एक खटका असतो. रुळांच्या मधोमध दातेरी सळई असते. डबा वर जाताना खटका एकेका दातावरून टक टक करत जातो. साखळी तुटलीच, तर तो खटका जवळच्या दातात अडकतो आणि डबे जागच्या जागी उभे राहतात. अकरा वर्षांपूर्वी, आपण कामाला होतो त्या पार्कात, त्या दिवशी साखळी तुटली आणि खटका अडकला नाही. डबे उलटे खाली आले आणि शेवटच्या डब्यातल्या शाळेच्या बाईंचा पाय चिरडला. अहवालात लिहिलं, 'खटक्याची स्प्रिंग ढिली, फिटरचा निष्काळजीपणा.' फिटर तू.

जमलं का? तू असंच सांगत जा. उगाच आकडे तोंडावर फेकू नकोस, तुला ती खोड आहे.

पत्राच्या शेवटी तू एक प्रश्न विचारला आहेस. चालू-बंद करायच्या केबिनमध्ये मी होते, आणि जबाबात मी म्हटलं होतं की खटक्याचा आवाज शेवटपर्यंत नेहमीसारखा येत होता. ते नक्की का, असं विचारतोस. त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहिते. आज आधी पेटी शोधायची आहे, ती माळ्यावर कुठे आहे देव जाणे.

तुझी ताई


७ फेब्रुवारी

धाकट्या,

पेटी मिळाली. झाकण गंजलंय, आत ठोकळे तसेच आहेत. निम्म्यांवर तुझ्या दातांचे ठसे आहेत. घट्ट बसलेले ठोकळे दातांनी ओढून काढायचास आणि आईचा मार मला बसायचा. लाल ठोकळे कमी आहेत, पिवळे भरपूर. चढ पिवळा होईल. समितीला रंगाचं काय.

नुसत्या ठोकळ्यांवर भागत नाही. रूळ वळवायचे, चाकं फिरवायची, साखळी ओढायची, त्यातलं पेटीत काही नाही. मग माझ्या दुकानातच शोधलं. तुला माहीत नसेल, मी कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. पँट आखूड करणे, चेन बदलणे, उसवलेलं शिवणे. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, तेवढ्यात हे काम.

रूळ केले कपडे वाळत घालायच्या प्लॅस्टिक चढवलेल्या तारेचे. हाताने हवे तसे वळतात आणि वळले की तसेच राहतात. चाकं म्हणजे शिलाई मशीनच्या बॉबिनी. दोन्ही बाजूंना कड असल्यामुळे तारेवर पक्क्या बसतात, उतरत नाहीत. साखळीच्या जागी मोठ्या प्रवासी बॅगेची चेन लावली आहे. तिची एक बाजू उसवली, टोकं जोडून गोल शिवली आणि खाली-वर एकेका रिळावरून फिरवली. डब्याखाली पँटचा हूक लावलाय. तो चेनीच्या दात्यांत अडकतो आणि डबा वर चढतो. तू असतास तर नाक मुरडलं असतंस आणि मग चुपचाप जवळ घेऊन पाहिलं असतंस.

मोटरने नाकी नऊ आणले. आधी शिलाई मशीनची लावली. डबा चढावरून सुटला तो थेट समोरच्या कॅलेंडरवर, सोमवार-मंगळवार फाटले. आता जुन्या टेपरेकॉर्डरची लावली आहे. तिच्या लहान चाकावरून बरणीच्या मोठ्या झाकणावर रबर घेतलं, म्हणजे वेग उतरतो. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी बसतात, त्यांनी ही युक्ती सांगितली. ते रोज दुपारी डबा खाऊन येतात, स्टुलावर बसतात आणि सल्ले देतात. सल्ल्यांतला एखादा चालतो.

राहिली दातेरी सळई. त्यासाठी आईचा कंगवा घेतला. तो जाड दात्यांचा तपकिरी, आठवतो ना? त्यासारखे आणखी दोन आणून एकापुढे एक चिकटवले. आईचा मध्ये आला आहे. खटका म्हणून पट्ट्याच्या बकलाची जीभ लावली. ती आपल्याच वजनाने पडते आणि कंगव्यावरून टकटक वाजत जाते.

पहिल्यांदा वाजली तेव्हा मी मोटर बंद करून दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. घड्याळजींना वाटलं शॉक लागला.

आवाजाबद्दल लिहायचं होतं, पण चार वाजत आले, गिऱ्हाईक उभं आहे.

ताई


१० फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर आलं. चार ओळी आणि एक आकृती. आकृती छान आहे. चौथी ओळ तोच प्रश्न.

आधी मॉडेलचं सांगते. चालतंय. साखळी मधेच तुटली असं करायला मी चेनीला एका जागी कच्चा टाका घातला आहे. तो कात्रीने कापला की चेन सैल होते आणि डबा मोकळा होतो. काल आणि आज मिळून एकवीस वेळा कापला. चढाच्या तळाशी, मध्यावर, माथ्याशी. डब्यात वजन म्हणून शिशाचे मणी भरले, निम्मे काढले, परत भरले. एकवीसच्या एकवीस वेळा बकलाची जीभ कंगव्यात अडकली आणि डबा जागच्या जागी थांबला. एकदा तर मी बोटाने खाली ओढून पाहिला, तरी हलेना.

म्हणजे तुझं म्हणणं बरोबर आहे. खटका ठीक असला तर डबा मागे येऊच शकत नाही. पण समिती लगेच विचारणार, 'मग त्या दिवशी का आला?' त्याला तुझ्याकडे उत्तर नाही. मॉडेल जितकं चांगलं चालतं, तितका तूच दोषी ठरतोस. हे लक्षात आलं का तुझ्या? माझ्या आलं, आणि काल दुपारपासून जेवण गोड लागत नाही.

दुसरी कारणं शोधायला हवीत. त्या दिवशी सळईवर तेल सांडलेलं असेल. हवेत ओल असेल, दाते निसरडे झाले असतील. दाते झिजलेले असतील. मी एकेक करून पाहते. तू पण आठवून बघ.

घड्याळजी आज बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "ताई, एवढं चांगलं यंत्र केलंत. ते बिघडावं म्हणून तुमची धडपड का चाललीय?"

मी म्हटलं, "तुम्ही तुमची घड्याळं बघा."

तसं बोलायला नको होतं. उद्या चहा पाजते त्यांना.

ताई


१३ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र तुला लिहू नये असं सकाळपासून वाटतंय, म्हणून आधी तेच लिहिते.

त्या शाळेच्या बाई माझ्या गिऱ्हाईक आहेत. नऊ वर्षं. पाय वाचला, पण डावा पाय दीड इंच आखूड राहिला. त्यांच्या प्रत्येक पँटचा डावा पाय मी दीड इंच वर दुमडून शिवते. त्या काठी टेकत येतात, स्टुलावर बसतात, मी खाली बसून टाचण्या लावते. पहिल्यांदा आल्या तेव्हा ओळखून म्हणाल्या होत्या, "तुम्ही केबिनमधल्या ना? तुमचा सख्खा भाऊ असून तुम्ही खरं सांगितलंत. म्हणून मी तुमच्याकडेच येणार." तेव्हापासून येतात.

आज आल्या. राखाडी पँट होती. मी खाली बसले आणि त्या वरून बोलत होत्या. समितीने त्यांनाही पत्र पाठवून हरकत आहे का विचारलंय. त्या म्हणाल्या, "मी लिहून देणार आहे. मला त्याचं वाईट करायचं नाही, पण पुन्हा कुणी त्याच्या भरवशावर त्या डब्यात बसावं असं मला वाटत नाही. तुम्हाला राग येईल, पण तुमचा जबाब वाचूनच मी ठरवलंय. आवाज येत होता म्हणजे खटका फिरत होता, आणि फिरत असून धरला नाही म्हणजे तो कच्चा होता. तुम्ही स्वतःच सांगितलंय ते."

माझ्या तोंडात दोन टाचण्या होत्या. त्यामुळे बोलायचं टळलं.

त्या परवा पत्र टाकणार आहेत की आणखी नंतर, ते विचारलं नाही. पँट बुधवारी न्यायला येतील.

तेल लावून पाहिलं. कंगव्याला मशीनचं तेल चोपडलं. खटका अडकला. दाते कानशीने घासले, तरी अडकला. कंगवा ओला केला, बर्फासारखा गार केला, काय काय केलं. तुझा खटका कशालाही दाद देत नाही.

ताई


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र वाचलं. चांगलंच झापलं आहेस. तेल नव्हतं, दाते नवे होते, ओल नव्हती, 'खोटी कारणं लिहून माझी किंमत आणखी घालवू नका.' बरं. तेल नव्हतं. मला माहीत आहे नव्हतं.

आणि खाली हे लिहिलं आहेस, तुझ्याच शब्दांत परत लिहिते, म्हणजे मी वाचलं नाही असं तुला वाटायला नको: 'मी सकाळी खटका तपासला होता. सळई सोमवारी तपासली होती. खटका दातावर पडत असेल तर तो धरणारच. धरला नाही, म्हणजे तो दातावर पडतच नव्हता. पडत नसेल, तर आवाज बंद झाला असणार. केबिनपासून ती जागा वीस पावलांवर आहे. आवाज येत होता का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.'

तू अकरा वर्षं गोदामात खोकी उचलता उचलता इथपर्यंत आलास. माझ्या जबाबावर विश्वास ठेवलास म्हणून एवढी वर्षं लागली, नाहीतर तुझ्या डोक्याला हे एका दिवसाचं काम होतं.

मला उद्याची दुपार दे. एक गोष्ट करून पाहायची आहे, ती अजून पाहिलेली नाही. ती मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

ताई


१८ फेब्रुवारी

धाकट्या,

नाही. आवाज येत नव्हता.

आता सगळं लिहिते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत. दुकानाला आज कुलूप आहे.

आईचं ऑपरेशन झालं तेव्हा आपण कामगारांच्या खोलीत राहत होतो, तीन नंबरच्या. खिडकी चढाच्या समोर. दवाखान्यातून आणल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी तिला ताप होता आणि ती म्हणाली, "काय गं ही टकटक, डोकं उठलं माझं." तू तेव्हा साखळीच्या कामात होतास. मी पाहिलं की दुपारी दोन ते चार ती डोळे मिटून पडते आणि दर चार मिनिटांनी डबे वर जातात. टक टक टक, शंभर वेळा. तिला झोप हवी होती. डॉक्टरही तेच म्हणाले होते.

दुरुस्तीच्या शेडमध्ये पट्ट्याचं जुनं रबर पडलं होतं. त्यातून हातभर लांब पट्टी कापली आणि दोन्ही टोकांना तार घातली. जेवणाच्या सुट्टीत डबे बंद असताना मी बाजूच्या जिन्याने वर जायची आणि आपल्या खिडकीसमोरच्या दात्यांवर ती बांधायची. चौदा दाते झाकायचे. खटका रबरावरून घसरत जायचा, आवाज बंद. संध्याकाळी गेट बंद झालं की काढून आणायची. तू सकाळी तपासायचास तेव्हा दाते मोकळे असायचे. मला कळत नव्हतं असं नाही. मी मनाशी म्हणायची, साखळी आहे की, साखळी कशाला तुटते. दीड महिना तुटली नाही.

त्या दिवशी सव्वातीनला तुटली, तेव्हा शेवटचा डबा नेमका आपल्या खिडकीसमोर होता. खटक्याखाली दाते नव्हते, माझं रबर होतं. डबे चौदा दाते मागे घसरले, तेवढ्यात वेग आला, आणि पुढच्या दातावर खटका आपटून त्याचं टोक उडालं. तुझी स्प्रिंग तेव्हा ढिली झाली. आधी नव्हती.

तू धावत खाली गेलास. त्या बाईंचा पाय दोन्ही हातांनी धरून बसला होतास, तुझा शर्ट लाल झालेला मला वरून दिसत होता. वरून, कारण मी केबिनमधून सरळ जिन्यावर धावले होते. सगळे खाली बघत होते. मी तार कापली, पट्टी गुंडाळली आणि ॲप्रनच्या खिशात घातली. मग खाली येऊन तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात आठवतो तुला? तू एकदा म्हणाला होतास, त्या दिवशी ताई होती म्हणून मी उभा राहिलो. ते वाक्य मी अकरा वर्षं ऐकते आहे.

जबाबात आवाज बंद होता म्हटलं असतं, तर का बंद होता ते विचारलं असतं. म्हणून नेहमीसारखा येत होता म्हटलं. तुझ्यावर येईल हे तेव्हा लक्षात आलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. तेव्हाही गप्प बसले. आईला कळलं असतं की हे तिच्या झोपेपायी झालं, तर ती तिथेच खचली असती. हे कारण मला फार सोयीचं होतं. आई गेली तेव्हा ते कारणही गेलं, तरी मी गप्प राहिले, कारण तोवर सवय झाली होती. आणि आई तुला हलगर्जी म्हणत गेली. तू शेवटच्या दिवशी दारापर्यंत आलास आणि तिने तोंड फिरवलं, तेव्हा मी तिच्या उशाशी होते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

आणखी एक आहे. हे लिहायला हात धजत नाही, पण आता काय राखून ठेवायचं. त्याच आठवड्यात आई मला म्हणाली, "ती टकटक आठवते गं. आधी त्रास व्हायचा, मग सवय झाली. ऐकू आली की वाटायचं, पोरगं वर आहे, सगळं ठीक चाललंय, आणि डोळा लागायचा. पण दुपारी मधेच ती गप्प व्हायची ना, की मला जाग यायची. काय बिघडलं म्हणून पडल्या पडल्या ऐकत राहायची."

दीड महिना मी तिला झोपवत होते आणि ती दीड महिना त्या चौदा दात्यांपाशी जागी होत होती. मी एकदाही विचारलं नाही, झोप लागते का म्हणून. चांगलं करते आहे एवढ्यावरच खूश होते.

काल मॉडेलवर तेच केलं. आईच्या कंगव्याच्या चौदा दात्यांवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला. डबा तिथे आला, आवाज बंद झाला, मी टाका कापला. डबा मागे आला, बकलाची जीभ मोडून उडाली, आणि डबा टेबलावरून खाली पडून त्याचे ठोकळे दुकानभर झाले. पहिल्याच वेळी.

घड्याळजी खाली वाकून ठोकळे गोळा करत होते. म्हणाले, "आता पडला. पण हे रबर तिथे कशासाठी होतं?"

मी म्हटलं, "माझ्यासाठी."

त्यांनी ठोकळे रंगाप्रमाणे लावून ठेवले आणि गेले.

खरी पट्टी माझ्याकडे आहे. बटणांच्या डब्यात तळाशी, अकरा वर्षं. तिच्या एका अंगाला चौदा दात्यांचे खड्डे आहेत आणि दुसऱ्या अंगाला खटक्याने मारलेली फाट. फेकायला कितीदा तरी काढली. का ठेवली ते तुला सांगता येत नाही, पण आता तुझ्या कामाला येईल.

हे पत्र टाकायला जाताना माझा जबाबही घेऊन जाते आहे, समितीच्या नावाने, रजिस्टर करून. आधी तो टाकीन, मग हे. म्हणजे वाटेत माझे पाय मागे फिरले तरी उपयोग नाही.

ताई


२२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड काल आलं. तीनच शब्द. 'पट्टी घेऊन ये.' खाली सही नाही. मी ते मशीनच्या वर टेकवून ठेवलंय. त्यातून काही कळतं का म्हणून दिवसभर पाहत होते. रागावला आहेस की नाही एवढंही कळत नाही. रागावलेलाच असणार. मी रागावले असते.

शाळेच्या बाई बुधवारी पँट न्यायला आल्या. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. खाली बसून सांगितलं, रोज टाचण्या लावते तशी, उभं राहून जमलं नसतं. त्या ऐकत राहिल्या. एकदाच विचारलं, "नऊ वर्षं तुम्ही माझी पँट दुमडत होतात तेव्हा काय वाटायचं तुम्हाला?" मी म्हटलं, "रोज वाटायचं, आज सांगावं." त्या म्हणाल्या, "आणि?" त्यांनी पँट तशीच उचलली, टाचण्यांसकट, आणि गेल्या. समितीला काय लिहिणार ते बोलल्या नाहीत. त्या चोवीसला तिथे असतील. एवढंच दारातून सांगितलं.

समितीचंही पत्र आलं. जबाब मिळाला, मूळ वस्तू घेऊन स्वतः हजर राहावे, आपल्याविरुद्ध कारवाई होऊ शकते याची नोंद घ्यावी. नोंद घेतली. दुकानाची किल्ली घड्याळजींकडे दिली आहे. ते म्हणाले, "किती दिवसांसाठी?" मी म्हटलं, "ते लोक सांगतील तितके." त्यांनी बकलाची नवी जीभ पितळी पत्र्याची करून दिली, हाताने घासून. तुझ्या खटक्यासारखीच दिसते. बघशीलच.

मला भीती वाटते आहे, हे लिहून ठेवते. सुईत दोरा ओवायला काल तीन प्रयत्न लागले. पण ती भीती समितीची कमी आणि तुझी जास्त आहे. दारात तू कसा दिसशील, केस पांढरे झालेत का, माझ्याकडे बघशील की नाही. माफ कर असं मी लिहिणार नाही. मागायचं तोंड मला उरलेलं नाही, आणि तुला त्या ओझ्यात टाकायचं नाही. तुझा परवाना तुला मिळू दे. बाकीचं तुझं तू ठरव, सावकाश ठरव, नाहीतर ठरवूच नकोस.

मॉडेल आता तीन भागांत सुटतं. चढ, माथा आणि उतार. खोक्यात कपड्यांच्या चिंध्या भरून बसवलंय. डबा वेगळा, माझ्या पिशवीत. सकाळच्या पहिल्या बसने निघते. खोकं मांडीवर घेईन, टपावर देणार नाही.

तिथे असं करू. टेबलावर जोडायचं काम तू कर, ठोकळे तुझे आहेत. पहिल्यांदा रबराशिवाय चालव. बटण तू दाब, टाका तू काप. डबा थांबेल, आणि तुझा खटका कसा आहे हे सगळ्यांना दिसेल. मग मी पुढे येईन, खरी पट्टी टेबलावर ठेवीन, तिचे चौदा खड्डे त्यांना मोजू देईन, आणि मॉडेलवर ट्यूबचा तुकडा माझ्या हाताने बांधीन, आईच्या कंगव्यावर, त्याच जागी. डबा वर जाईल. आवाज बंद होईल तिथे मी त्यांना सांगेन, 'इथे.'

डबा खाली पडला की सगळे वाकून ठोकळे बघतील. मी जागची हलणार नाही आणि कशालाही हात लावणार नाही. या वेळी रबर बांधलेलंच राहील.

ताई